पाचवी गाठ

एनॅमलची पांढरी ताटली, कडेला निळी रेघ.
हौशीराम बेंडकुळेनं मधोमध भोक पाडलं,
सुंभ ओवला, खाली दगड बांधला,
हातहाताच्या अंतरावर आठ गाठी मारल्या.
"सोडा खाली," म्हणाला, "दिसेनाशी झाली की थांबा.
किती गाठी भिजल्या ते बघा.
पाण्याची नजर तेवढीच."

तेव्हापासून दर रविवारी, बाराच्या सुमाराला,
गंगापूरच्या फुगवट्यात, गंगावऱ्ह्याच्या अंगाला
वल्हं आडवं टाकून मी बसते.
ताटली खाली जाते. आधी चंद्र,
मग ताकातला लोण्याचा गोळा,
मग नुसता एक समज, की खाली काहीतरी आहे.
मग तोही नाही.

वहीत: सात. सात. साडेसहा.
पौषात सात आणि वर चार बोटं.
पान उलटलं तर: पाच.

मी बोटं मोडली ती दुसऱ्यांच्या नावानं.
समोरच्या उतारावर द्राक्षबागा, त्यांचं खत.
रिसॉर्टच्या चादरी, सोमवारी धुतलेल्या, त्यांचा फेस.
काठाशीच टाकी भरणारी मोटरबोटीची पोरं;
तेल सांडतं, पाण्यावर मोरपीस उमटतं,
आणि त्याचेही ती फोटो काढतात.
त्यांना नरसाळं नेऊन दिलं, जुनी फडकी दिली.
म्हटलं, वर उचलून भरा रे, काठापासून लांब,
आणि लव्हाळ्यात जोरात घुसू नका,
तिथे मरळ पिल्लं राखत बसलेली असते.
पोरं हसली.
एकानं नरसाळं मात्र ठेवून घेतलं.

चैत्रात तीन.
पाणी हिरवं, वाटाण्याच्या सालांचा वास.
हौशीराम आला, काही बोलला नाही,
काठाकाठानं डोंगी नेत राहिला, नाक पुढे काढून,
आणि थांबला ते नेमका माझ्या पेरूखाली.
"बाई, सगळीकडे गवत वाळलंय.
हे एवढंच कुणाच्या जिवावर हिरवं?"

पाइप होता.
आमच्याच मोरीचा. ह्यांनी टाकलेला,
घर बांधलं त्या वर्षी, घाईत,
'पुढे बघू' म्हणून.
ते गेले. पुढचं बघायचं राहिलं.
माझाच साबणचुरा, माझ्याच खरकट्याचं तवंग,
आणि मी वर ताटली सोडत बसलेली,
गाठी मोजत, दुसऱ्यांच्या.

दोन दिवस वही उघडली नाही.
तिसऱ्या दिवशी करवत मागवली.
खड्डा खणला, विटांचे तुकडे, जाडी वाळू,
वर कर्दळ, वर अळू.
मैला उपसायला नाशकाहून टँकर आला,
ड्रायव्हरनं विचारलं, "शेवटचा कधी?"
म्हटलं, अकरा वर्षं झाली.
त्यानं माझ्याकडे पाहिलं,
जसं न्हाऊ न घातलेल्या पोराच्या आईकडे पाहतात.

काठापर्यंत हिरवळ कापायचे, तेही सोडलं.
आता लव्हाळा कमरेएवढा झालाय.
शेजारच्या बागमारबाई म्हणतात,
घर ओसाड दिसतं हो, जनावरं येतील.
येतील. परवा एक पाणकोंबडी आली,
मागे चार काळे ठिपके.

लेक इंदिरानगरला राहते.
हेच पाणी गाळून, औषध घालून
तिच्या नळाला जातं, सकाळी साडेसहाला.
मी फोनवर विचारते, पाणी आलं का गं?
ती म्हणते, आई, रोजच येतं, तू रोज काय विचारतेस.
काय विचारते ते
अजून तिला सांगितलेलं नाही.

काल रविवार.
ताटली सोडली. एक, दोन.
तिसरी गाठ भिजली, चौथी भिजली,
पाचवी बोटांतून निसटत होती
आणि खाली ते फिकट काहीतरी अजून होतं, बहुतेक,
तेवढ्यात ढग आला.

वहीत लिहिलंय: पाच.
पुढे प्रश्नचिन्ह. कंसात: ढग.
सुंभ दोरीवर वाळत टाकलाय,
टॉवेलांच्या शेजारी,
अजून ठिबकतोय.